मोठा टायर उभ्या ट्रेलरवर मापू नका

संपादक महोदय,

ऑफ-रोड ट्रेलरला मोठे टायर बसवले की तो कुठेही जाईल, ही समजूत आता चांगलीच रुजली आहे. ट्रेलरच्या जोडणी-दुरुस्तीचे काम करणारे म्हणून, टायर विकत घेण्याआधी काय मोजावे हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे असे आम्हाला मनापासून वाटते. टायर बसतो की नाही हे ट्रेलर सपाट जागेवर उभा असताना पाहिले जाते, आणि चुकते ते तिथेच.

आधी साधा हिशेब. टायरवरच्या आकड्यांत पहिला रुंदी मिमीत, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. २०५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ६८९ मिमी, तर २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४ मिमी. फरक ४५ मिमी. पण ॲक्सल वर जातो तो त्याच्या निम्माच, साडेबावीस मिमी. टायरचा माथा आणि मडगार्ड यांतली फटही तेवढीच कमी होते. दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये पुढच्या-मागच्या टायरमधले अंतर मात्र पूर्ण ४५ मिमीने घटते, कारण दोन्ही टायर एकमेकांकडे वाढतात. वर वजन पडले की स्प्रिंगचे बाकदार पोलादी पाटे सरळ होतात आणि ॲक्सल मागेपुढे सरकतो, ते वेगळेच. तिथे निदान ५० मिमी मोकळी जागा हवी, नाहीतर अडकलेला एक दगड दोन्ही टायरच्या बाजू सोलून काढतो.

खरे माप चाक पूर्ण वर दाबल्यावरचे. चॅसीला भक्कम स्टँड लावा, पाट्यांच्या गठ्ठ्यातला फक्त मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढा, नवे चाक बसवा आणि ॲक्सलखाली जॅक लावून ॲक्सल चॅसीखालच्या रबरी ठोकळ्याला (त्याची वरची हालचाल अडवणाऱ्या) टेकेपर्यंत उचला. कॉइल स्प्रिंग असेल तर ती काढून हेच करा. आता मडगार्ड आणि टायर यांत २५ मिमी तरी उरले पाहिजेत, कारण रबरी ठोकळाही धक्क्याला दबतो. मग दुसरी बाजू खाली सोडून एकच बाजू उचला. सलग ॲक्सल तिरका होतो आणि वर गेलेल्या चाकाचा माथा आत झुकतो. टायरची आतली भिंत चॅसीला किंवा शॉक ॲब्सॉर्बरच्या बोल्टला घासते ती याच क्षणी. उभ्या ट्रेलरवर हे कधीच दिसत नाही. खडबडीत वाटेवर दिसते तेव्हा टायरला गोल चर पडलेला असतो.

टायर आत घासतो म्हणून रिम बाहेर काढण्याचा, म्हणजे मायनस ऑफसेटचा मोह होतो. बेताने. चाकाचा मध्य हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसते त्या फिरत्या भागाच्या, दोन बेअरिंगच्या दरम्यान राहावा अशीच रचना असते. तो बाहेर गेला की भार बाहेरच्या लहान बेअरिंगवर जातो आणि ॲक्सलचा दांडाही जास्त वाकतो. रिमची रुंदीही पाहा. २३५ च्या टायरला ६ ते ८ इंचांची रिम लागते. ट्रेलरवर मुळात ५ इंचांची असेल तर टायर चिमटला जातो, त्याचा मध्य फुगतो आणि तिथलाच रबर आधी झिजतो.

भाराचा आकडा व्यासापेक्षा महत्त्वाचा. टायरवरचा १०४ हा भार-निर्देशांक म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. कारसाठीचा ‘पी’ खुणेचा टायर ट्रेलरला लावायचा तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरावी. म्हणजे ९०० चे ८१८ किलोच उरतात. आणि टायर कितीही दणकट घेतला तरी ॲक्सल, रिम आणि हिच (ट्रेलर गाडीला जोडणारा सांधा) यांची क्षमता वाढत नाही. सगळ्यांत कमी आकडा तोच ट्रेलरचा आकडा.

ब्रेककडे तर कोणाचे लक्षच जात नाही. ड्रम तोच राहिला आणि चाक मोठे झाले की जमिनीवर मिळणारा रोध त्याच प्रमाणात घटतो. वरच्या उदाहरणात सुमारे ६ टक्के. थेट २६५/७५ आर १६ वर गेलात, म्हणजे व्यास ८०४ मिमी, तर सुमारे १४ टक्के. इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर कंट्रोलरचे प्रमाण, म्हणजे तो ब्रेकला किती जोर देतो ते, मोकळ्या रस्त्यावर पुन्हा जुळवावे लागते. तेवढ्याने भागले नाही तर मोठा ड्रम हाच उपाय.

त्या मोठ्या टायरने ॲक्सल ५८ मिमी उचलला जातो. ओढणाऱ्या गाडीचा हिचचा गोळा तिथेच राहिला तर ट्रेलरचे नाक खाली येते आणि भार आपसात वाटून न घेणारे दोन स्वतंत्र ॲक्सल असतील तर पुढच्यावर जादा भार पडतो. गोळा तेवढाच वर घ्यावा. नाक वर राहिलेले त्याहून वाईट, कारण गोळ्यावरचा भार कमी झाला की ट्रेलर डुलू लागतो.

पाटे ॲक्सलखाली असतील तर ते वर घेऊनही उंची मिळते. त्यासाठी ॲक्सलचा दांडा उलटा करू नये. बऱ्याच दांड्यांना मुद्दाम थोडा वरचा बाक दिलेला असतो. तो उलटला की चाके तिरपी बसतात आणि टायर एका बाजूने झिजतात. दांडा तसाच ठेवून पाट्यांच्या नव्या बैठका वरच्या अंगाला वेल्ड कराव्यात.

आता थोडे स्पष्ट मत. ट्रेलरची चाके ओढली जातात, ती जोर लावत नाहीत. त्यामुळे चिखलाचे खोल नक्षीचे टायर ट्रेलरला फारसे काही देत नाहीत, फक्त वजन आणि आवाज वाढवतात. मोठ्या टायरचे सगळ्यांत चांगले कारण वेगळेच आहे. ओढणारी गाडी आणि ट्रेलर यांची चाके एकाच मापाची, एकाच बोल्ट-वर्तुळाची (बोल्टची संख्या आणि ते बसतात त्या वर्तुळाचा व्यास सारखा) असली की स्टेपनी दोघांना चालते. दोघांच्या चाकांमधली रुंदीही जुळली तर वाळूत ट्रेलर गाडीने दाबलेल्या चाकोरीतून हलका येतो. फक्त हबवर बसणारे रिमचे मधले भोक आणि नटच्या टोकाचा, रिमला टेकणारा, उतार दोन्हीकडे जुळतो का, ते स्टेपनी प्रत्यक्ष बसवूनच पाहावे.

बसवल्यानंतर नट टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) आडव्या-तिडव्या क्रमाने आवळावेत आणि १५, ४० व ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. हवा जुन्या आकड्यावर ठेवू नये. सकाळी थंड टायरची नोंद करा, तासभर चालवून पुन्हा मोजा. दाब ४ ते ६ पीएसआयपेक्षा जास्त चढला असेल तर हवा कमी किंवा भार जास्त आहे. शेवटची दोन मापे घरीच घ्या: स्टेपनीच्या कंसात नवे चाक मावते का, आणि जुना जॅक ॲक्सलला आता पोहोचतो का.

आपले,
ट्रेलर जोडणी व दुरुस्तीच्या कामातले काही वाचक