आई-बाबा, कॉलेजचं ठरलं

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही. बाबा, तुम्ही एफडी मोडायचा विषय काढलात आणि मला एकदम भरून आलं म्हणून मी फोन ठेवला, आई, रागाबिगाने नाही गं. आज निवांत लिहितेय, म्हणजे बाबांना दोनदा वाचता येईल.

कम्युनिकेशनमध्ये एमए करायचं हे पक्कं. बाबांचं म्हणणं, 33व्या वर्षी शिकायचंच आहे तर रीतसर कॉलेजात जाऊन शिक, पैशाचं मी बघतो. मी ते मनावर घेतलं होतं, खरंच. मागच्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटला जाऊन आले. पुणे विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग तिथे 1964 पासून आहे. जिन्यात दोन मुली एकच इअरफोन, एक कानात एकीच्या आणि एक दुसरीच्या, असा लावून कुठल्याशा आजीची मुलाखत एडिट करत बसल्या होत्या. आजी बोलता बोलता तीन-चार सेकंद गप्प होते, ते ठेवायचं की कापायचं यावर दोघींचं कडाक्याचं भांडण. एक म्हणे ऐकणाऱ्याला वाटेल आवाज गेला, दुसरी म्हणे अगं पण त्या गप्प बसण्यातच तर सगळं आहे. मी तिथेच उभी राहून ऐकत राहिले. जीव अडकला माझा तिथे. ऑफिसात आम्हाला अशा भांडणाला वेळच नसतो, संध्याकाळी सहाला फाइल गेली पाहिजे म्हणजे गेलीच पाहिजे.

तरी मी दूरस्थच, म्हणजे घरून अभ्यास करून, करायचं ठरवलंय, इग्नूमधून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून. आणि कारण पैसे नाही, हे आधी सांगते.

तुम्हाला माहितीये ना आमच्या संस्थेचं सासवडकडच्या गावांमधलं काम. गेल्या वर्षी ॲनिमियाचं पोस्टर केलं होतं, मीच केलेलं, रंगीत, छान. अंगणवाडीच्या भिंतीवर लावलं आणि महिन्याने गेले तर एका ताईंनी सरळ सांगितलं की पोस्टर चांगलं आहे पण आम्ही तिथे उभ्या राहून वाचणार कधी. मग गावातल्या आशाताईंच्या, म्हणजे आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविकेच्या आवाजात चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज केला तर तो बायकांनी एकमेकींना पाठवला, आणि दुपारी धान्य निवडताना त्यावर बोलल्या म्हणे. का चाललं ते आणि का नाही चाललं हे? मला अंदाज आहे पण उत्तर नाही. कॅमेरा, माईक, डेडलाइन हे सगळं माझ्याकडे रोज आहे, कॅम्पसवर परत तेच शिकायला नोकरी सोडू कशाला. माझ्याकडे नाहीये ती थिअरी आणि रिसर्च मेथड. आणि जी गावं मला प्रश्न देतात तीच सोडून दोन वर्षं पूर्णवेळ वर्गात बसले तर प्रश्न कुठून आणू?

या नादात वाचताना एक गोष्ट सापडली. 1956 मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून खेड्यांसाठी रेडिओ फोरम चालवले, मराठी मुलखातल्या साधारण दीडशे गावांत. लोकांनी एकत्र बसायचं, शेतीचा नाहीतर आरोग्याचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. नंतर मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटने तपासणी केली, फोरमची गावं एकीकडे आणि फोरम नसलेली गावं दुसरीकडे. फोरमच्या गावांत माहिती खूप जास्त वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी नाही. सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच भागात माझ्या प्रश्नावर काम झालेलं आणि मला पत्ताच नाही, म्हणून तर शिकायचंय.

आता बाबांची भीती. ती डिग्री खरी धरतील का? यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट कळवलंय की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन डिग्री ही नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची. पुढे मला शिकवायचं झालं तर 55 टक्के मिळवून नेट, म्हणजे प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा, देता येते. ॲडमिशनच्या आधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक, डीईबी आयडी, काढावा लागतो आणि मान्यता असलेल्या विद्यापीठांची यादी त्यांच्या साइटवर असते, ती मी बघितली. मध्ये एका एजंटचा फोन आला होता, एका वर्षात एमए, अभ्यासाची कटकट नाही, आजच पाच हजार भरा. मी यादीत त्या विद्यापीठाचं नाव विचारलं तर फोन कट.

पण बाबा, तुमची भीती कागदाची नाहीये, मला माहितीये. तुम्ही हायस्कूलच्या प्रयोगशाळेत काम करत मुक्त विद्यापीठातून बीए केलंत, आधी पूर्वतयारी, मग तीन वर्षं, दर रविवारी कराडच्या अभ्यासकेंद्रात. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ छापलेली ती पुस्तकं आईच्या शिलाई मशीनवर असायची. आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर कोणीतरी म्हणालं, घरबसल्या डिग्री ती, तिला काय अर्थ. ते तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत, आईने सांगितलं. माझ्या बाबतीत तसं कोणी बोलू नये म्हणून तुम्ही एफडी मोडायला निघालात ना? मी लहान होते पण मला आठवतंय, आई भाकरी थापता थापता पुस्तकातले प्रश्न विचारायची आणि तुम्ही उत्तर द्यायचात, चुकलं की ती पिठाच्या बोटाने ओळ दाखवायची. इतिहासाच्या पुस्तकात अजून ते डाग आहेत. त्याला बिनकामाची डिग्री म्हणणाऱ्या माणसाने असा अभ्यास कधी बघितलाच नव्हता.

इग्नूत 30 टक्के मार्क असाइनमेंटचे आणि 70 परीक्षेचे, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. अभ्यासक्रम क्रेडिटमध्ये मोजतात आणि एका क्रेडिटला 30 तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे सकाळी पाच ते सात मी बसणार, त्याची काळजी नको. एकच गोष्ट कमी पडेल, ते जिन्यातलं भांडण. ऑफिसातल्या दोघींना मी तयार केलंय, बुधवारी जेवणाच्या सुट्टीत एक धडा. आणि रविवारी रात्री नऊला मी तुम्हा दोघांना फोन करणार, आठवड्यात वाचलेलं मराठीत सांगणार, कारण पुस्तकं सगळी इंग्रजीत आहेत आणि जे मला मराठीत सांगता येत नाही ते मला कळलेलं नाही असं मी समजणार. आई, तू मध्येच अडवायचं, तुला पटलं नाही की लगेच बोलायचं. बाबा, तुम्ही वहीत लिहून ठेवा.

एफडी राहू दे. आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी उरकून घ्या, मी आठ दिवस सुट्टी टाकून येते.

आणि हो, माझी बीएची शेवटच्या वर्षाची मार्कशीट लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या फाइलमध्ये आहे. फोटो नको, दादाला चौकातून नीट स्कॅन करून पाठवायला सांगा.

तुमची,
सोनू