चालत्या यंत्राच्या सेन्सरवरही पहारा हवा

मा. संपादक, स. न. वि. वि.

पुणे जिल्ह्यात उसावर फवारणी करणारे ड्रोन दिसू लागले आहेत आणि शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्वयंचलित वाहनांचे प्रकल्प होत आहेत. या यंत्रांची चाचणी आधी होते. परंतु सेन्सर बिघडतो तो काम चालू असताना, आणि त्या क्षणी त्याचे वाचन पडताळणारे यंत्रात काही आहे का, हे फारसे कोणी विचारत नाही.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय 'स्कियापारेली' यानात फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचे वाचन सुमारे एक सेकंद कमाल मर्यादेलाच अडकून राहिले. त्यावरून संगणकाने उंची शून्याखाली काढली आणि यान प्रत्यक्षात सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवर असतानाच पॅराशूट यानापासून वेगळे केले. बोइंग ७३७ मॅक्सच्या २०१८ व २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. तेथे हवेच्या झोताशी विमानाचा कोन मोजणारे दोन सेन्सर बसवलेले असूनही, विमानाचे नाक आपोआप खाली वळवणारी 'एमकॅस' प्रणाली एका वेळी एकावरच विसंबून होती. दोन्ही वाचने जुळतात का हे पाहायला त्यांची वजाबाकी पुरते; तिला संगणकाची किती मेमरी लागते?

म्हणूनच छोट्या यंत्रात मेमरी आणि बॅटरी अपुरी पडते, ही सबब मला मान्य नाही. वाचन शक्य मर्यादेत आहे का, मागच्या वाचनापासून अशक्य उडी आहे का, ते वेळेवर आले का, आणि तोच आकडा जरासुद्धा न हलता फार वेळ येत आहे का (चालू सेन्सरचा शेवटचा अंक बहुधा थोडा थरथरतोच), एवढे पाहायला मागचे वाचन, त्याची वेळ आणि तोच आकडा किती वेळा आला याची मोजणी पुरते. काही किलोबाइट मेमरीच्या मायक्रोकंट्रोलरलाही (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपलाही) हे जड नाही.

खरी कसोटी मर्यादा ठरवण्यात आहे. जमिनीजवळ ड्रोनच्या पंख्यांच्या वाऱ्याने हवेचा दाब बदलतो आणि त्या दाबावरून बॅरोमीटरने काढलेली उंची चुकते; मर्यादा फार कडक ठेवली तर खोटे इशारे येत राहतात, आणि कंटाळलेला चालक ती तपासणीच बंद करून टाकतो. म्हणून या मर्यादा प्रत्यक्ष शेतात, वाऱ्यात आणि धुळीत घेतलेल्या नोंदींवरूनच ठरवायला हव्यात.

महाविद्यालयांना विनंती आहे, की प्रकल्पाचे गुण देताना यंत्र चालू असतानाच एका सेन्सरची वायर काढून पाहावी. आणि ड्रोन विकत घेणाऱ्या शेतकरी गटांनी हेच प्रात्यक्षिक विक्रेत्याकडे, पैसे देण्यापूर्वी मागावे.

आपला,
एक निवृत्त अभियंता, कोथरूड, पुणे