एफडी मोडू नका

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही "एफडी मोडतो, तू सही करून टाक" म्हणालात आणि मी विषय बदलला. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

क्रोसाँच्या, म्हणजे त्या पदरापदराच्या फ्रेंच पावाच्या, दुकानाची फ्रँचायझी घ्यायचं डोक्यातून गेलेलं नाही. धरमपेठेतला गाळाही पाहून ठेवलाय. पण कंपनीचा मसुदा तीनदा वाचला आणि एक आकडा घशात अडकला. रॉयल्टी, म्हणजे त्यांचं नाव वापरायचे पैसे, 6 टक्के, तीही नफ्यावर नाही, विक्रीवर. समजा महिन्याला 4 लाखांची विक्री झाली, तर 24 हजार त्यांचे, वर 18 टक्के जीएसटीचे 4,320. आपण गिऱ्हाइकाकडून 5 टक्के जीएसटी घेणार, आणि त्या पद्धतीत हे 4,320 त्यातून वळते करून मिळत नाहीत. भाडं, पगार, लाइटबिल भागवून हातात दमडी उरली नाही तरी 28,320 गेलेच.

लाइटबिलाचं तर विचारूच नका. आई, तू म्हणालीस ना, "मैद्याच्या गोळ्यासाठी एवढा खटाटोप काहून?" अगं, तुझ्या चिरोट्याचंच भावंड आहे ते, फक्त तुपाच्या साट्याऐवजी बटरची लादी. पिठात गुंडाळून लाटायची, तिहेरी घडी घालायची, थंड करायची, परत लाटायची. असं तीनदा केलं की बटरचे 27 थर होतात. बटर 32-35 अंशांना वितळतं आणि नागपुरात मेमध्ये पारा 45 ला. ते पिठात जिरलं की पदर संपले, उरतो नुसता पाव. म्हणून कंपनी घड्या घालून गोठवलेला माल पाठवणार, आपण फुगवून भाजायचा. पण तोवर तो उणे 18 अंशांत राहिला पाहिजे. म्हणजे फ्रीझर रात्रंदिवस चालू, आणि लाइट गेली की जनरेटर.

पुण्याला गेले तेव्हा त्यांच्या दुकानासमोर बसून गिऱ्हाइकं मोजली. (चहावाल्याला संशय आला बहुतेक.) शनिवारी वहीची तीन पानं भरली, मंगळवारी अर्धंही नाही. भाडं मात्र मंगळवारचंही लागतं.

तेव्हा एफडी राहू द्या. माझी बचत आणि बँकेचं कर्ज यात बसलं तर घेईन, नाही तर संत्रा बर्फी खाऊन गप्प बसेन.

बाबा, तुम्ही 31 वर्षं बँकेत कर्जाच्या फायली वाचल्यात. फ्रँचायझीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, सगळं 1872 च्या करार कायद्यावर. म्हणजे कागदावर असेल तेवढंच आपलं. पाच वर्षांनी दुकान आमच्या खर्चाने नव्याने सजवायचं, हे ठळक लिहिलंय. पुढच्याच चौकात दुसऱ्या कुणाला दुकान देणार नाही, असं मात्र कुठेच सापडलं नाही. तुम्हाला सापडतं का बघा.

पोळ्याला येणारच आहात, तर दोन दिवस आधी या, मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत काही वाचून होणार नाही. जवळचा चष्मा विसरू नका. आणि आई, चिरोटे आण. मागचा डबा अजून माझ्याकडेच आहे, दुसऱ्यात आण.

तुमची,
मनू