गेमचा अनुवाद नुसत्या शब्दयादीवरून होत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठीत गेम आणि शैक्षणिक ॲप यावीत ही मागणी रास्त आहे. पण ती पुरी करायची म्हटली की अनेकदा इंग्रजी शब्दांची एक्सेल यादी अनुवादकाकडे जाते, आठवड्याभरात भरून परत येते आणि थेट गेममध्ये ओतली जाते. यातून काय बिघडते, हे इटालियनच्या उदाहरणावरून चांगले कळते, कारण लिंग, वचन आणि शब्दांची बदलती रूपे या बाबतींत ती भाषा मराठीच्या पुष्कळ जवळ आहे.

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा रॉकेट बांधून उडवण्याचा गेम मेक्सिकोतल्या स्क्वाड कंपनीचा. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि इटालियन २०१८ मध्ये. भाषांतराआधी गेममधला मजकूर कोडमधून काढून वेगळ्या फायलींत ठेवला गेला: डावीकडे एक खूण, बरोबरचे चिन्ह, उजवीकडे मजकूर. या फायलींचे स्वतःचे नियम आहेत. महिरपी कंस फाइलच्या रचनेसाठी राखीव असल्याने मजकुरात वापरता येत नाही. सलग दोन तिरक्या रेघा आल्या की पुढचे सगळे टिपण समजून वगळले जाते, त्यामुळे वाक्यात वेबपत्ता लिहिला तर तो अर्ध्यावरच तुटतो. अनुवादकाला हे आधी सांगितले नाही, तर उत्तम इटालियन लिहूनही पडद्यावर अर्धेच वाक्य दिसते.

खरी अडचण एकेकट्या शब्दांची असते. इंग्रजी ‘लोड’ म्हणजे जुना खेळ उघडणे असेल तर इटालियन बटणावर ‘कारिका’ येते, यानावरचा भार असेल तर ‘कारिको’. त्यातच बॅटरीतल्या विद्युतभारालाही ‘कारिका’च म्हणतात आणि तो या गेममध्ये सतत पडद्यावर असतो. ‘स्टेज’ हे रॉकेटच्या टप्प्याचे नाव, पण स्पेस बार दाबून तो टप्पा सुरू करण्याची क्रियाही ‘स्टेज’च. इटालियनमध्ये नाम ‘स्तादियो’, क्रियेसाठी मात्र ‘टप्पा सुरू करा’ असेच म्हणावे लागते. म्हणून यादीत प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने हवेतच: शब्द नाम आहे की क्रियापद, तो कुठल्या पडद्यावर येतो आणि जास्तीत जास्त किती अक्षरे मावतात. पडद्याचे चित्र जोडले तर सोन्याहून पिवळे. लहान शब्द सर्वांत जास्त फुगतात. इंधनाला इंग्रजीत चार अक्षरे, इटालियन ‘कार्बुरांते’ला दहा. ‘सेटिंग्ज’ची आठ, ‘इम्पोस्तात्सियोनी’ची बारा. बटणाची रुंदी इंग्रजीवर बेतलेली असेल तर शेवटची अक्षरे कापली जातात, आणि मग अनुवादक नाइलाजाने न कळणारे संक्षेप करतो. त्यापेक्षा बटण ताणले जाईल अशी सोय प्रोग्रॅमरने करणे कितीतरी सोपे.

जोडवाक्यांकडे तर विशेष लक्ष द्यायला हवे. ‘अमुकची स्थिती’ असे वाक्य करून ‘अमुक’च्या जागी गेम स्वतः नाव भरतो. इंग्रजीत हे चालून जाते. इटालियनमध्ये ‘चा’साठी रॉकेटपुढे ‘देल’, सोंदा म्हणजे शोधयानापुढे ‘देल्ला’, स्तादियोपुढे ‘देल्लो’, आणि स्वराने सुरू होणाऱ्या नावापुढे ‘देल्ल’ला अपॉस्ट्रॉफी लावून ते नावाला चिकटवावे लागते. कर्बलच्या रचनेत नावामागे लिंगाची खूण जोडता येते आणि योग्य रूप यंत्रणा निवडते. जिथे ही सोय नाही तिथे वाक्याचीच मांडणी बदलावी: ‘स्थिती:’ आणि पुढे नाव. तीच गत खेळाडूच्या लिंगाची. ‘स्वागत’ म्हणताना ‘बेनवेनुतो’ पुरुषाला, ‘बेनवेनुता’ स्त्रीला. मुरलेले अनुवादक ‘ती दियामो इल बेनवेनुतो’, म्हणजे ‘आम्ही तुझे स्वागत करतो’, असे लिहून प्रश्नच मिटवतात.

अपॉस्ट्रॉफीचा आणखी एक त्रास. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या काही प्रणालींत ते चिन्ह ‘इथून पुढचा मजकूर जसाच्या तसा छापा’ अशी आज्ञा असते. इटालियनमध्ये ते दर दुसऱ्या ओळीत येते, आणि मग नाव भरलेच जात नाही, नावाच्या जागेचे नुसते कंस दिसतात. तिथे ते चिन्ह दोनदा लिहावे लागते.

आता आकडे. कर्बलच्या मुख्य ग्रहाचे वातावरण ७०,००० मीटरवर संपते. इटलीत स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे. तो आकडा तसाच ठेवला तर इटालियन वाचक सत्तर मीटर वाचतो. तिथे हजारांसाठी टिंब हवे. उलट बाजूने, सेटिंगच्या फायलीतला ‘१.५’ इटालियन विंडोजवर चालणारा बेसावध प्रोग्रॅम पंधरा वाचतो. म्हणून फायलीतले आकडे एकाच ठरलेल्या पद्धतीने वाचायचे आणि फक्त पडद्यावर दाखवताना भाषेप्रमाणे बदलायचे.

अवकाशाविषयीच्या प्रश्नमंजूषेत चुका याहून चोरट्या असतात. इंग्रजी ‘बिलियन’ म्हणजे अब्ज, इटालियन ‘बिलियोने’ म्हणजे त्याच्या हजारपट. अब्जाला तिथे ‘मिलियार्दो’ म्हणतात. सूर्याचे वय हजारपट वाढवायला एक शब्द पुरतो. मैलांचे किलोमीटर करताना खोटी अचूकता येते: सूर्य ‘९ कोटी ३० लाख मैल’ अंतरावर असे ढोबळ लिहिलेले असेल तर १४ कोटी ९६ लाख ६९ हजार किलोमीटर हे उत्तर चूक, ‘सुमारे १५ कोटी’ बरोबर. तापमान ९० अंश फॅरनहाइटने उतरले तर ती घट ५० अंश सेल्सिअसची. ३२ वजा करण्याचे सूत्र फरकाला लावून तिचे ३२ करणारेही असतात. ‘कोणत्या ग्रहाचे नाव जे अक्षराने सुरू होते’ हा प्रश्न इटालियनमध्ये मरतो, कारण गुरू तिथे ‘जोवे’ आहे आणि त्याचे रोमन आद्याक्षर ‘जी’ आहे. शनीच्या उपग्रहांची संख्या विचारली असेल तर अनुवादकाने प्रश्नालाच हरकत घ्यावी: २०२३ मध्ये ती १४५ झाली, मार्च २०२५ मध्ये २७४. आणि बरोबर उत्तर मजकुराशी मजकूर ताडून ठरत असेल, तर शेवटी राहिलेली एक मोकळी जागा अचूक उत्तरालाही चूक ठरवते. उत्तर क्रमांकाने ताडावे.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी शे-दोनशे संज्ञा पक्क्या कराव्यात, मग लांब मजकूर, आणि बटणांवरचे एकेक शब्द शेवटी, गेम प्रत्यक्ष पाहून. त्यानंतर अनुवादकानेच पूर्ण खेळ खेळून तपासावा. त्या तासांचे मानधन कंत्राटात धरलेले असावे.

मराठीला यातले बहुतेक सगळे लागू आहे, वर दोन गोष्टी जास्त. एक, सामान्यरूप. ‘अमुकवर उतरा’ या साच्यात ‘पृथ्वी’ बसते, पण ‘मंगळ’चे ‘मंगळा’ आणि ‘चंद्र’चे ‘चंद्रा’ व्हायला हवे. म्हणून प्रत्येक ग्रहाची दोन रूपे साठवावीत. दोन, अक्षरजोडणी. युनिटी या गेम बनवण्याच्या इंजिनमध्ये वर्षानुवर्षे वापरली जाणारी टेक्स्टमेश प्रो ही सोय देवनागरीची जोडाक्षरे आपणहून जुळवत नाही. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. गोडो इंजिनच्या चौथ्या आवृत्तीत हे नीट होते. तेव्हा सरकारी संस्था असो वा खासगी कंपनी, मराठी गेमचे काम देणाऱ्याने अनुवादाचा एकही शब्द मागवण्यापूर्वी ‘स्थिती’, ‘पृथ्वी’, ‘सूर्य’, ‘शक्ती’, ‘किरण’ हे पाच शब्द गेमच्या पडद्यावर उमटवून पाहावेत, आणि ते नीट उमटेपर्यंत यादी कोणाकडेही पाठवू नये.

आपले,
सॉफ्टवेअर व गेमच्या स्थानिकीकरणाचे काम करणारे काही मराठी अनुवादक