काइटसर्फिंगचा पहिला धडा अटलांटिकच्या लाटांत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या सहलीत एक दिवस कश्काइशजवळच्या गिंशू किनाऱ्यावर काइटसर्फिंग (हवा भरलेल्या मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीवर फळीवरून पाण्यावर घसरत जाणे) शिकायचे, असा बेत हल्ली पुण्यातले काही तरुण आखतात. किनारा जरूर पाहा, पण पहिला धडा तिथे गिरवू नका, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

उन्हाळ्यात तिथे ‘नोर्ताडा’ हा उत्तरेचा वारा वाहतो. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळचा हवेचा जास्त दाब आणि तापलेल्या स्पेन-पोर्तुगालवरचा कमी दाब यांमुळे तो उठतो आणि दुपारनंतर जोर धरतो. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १८ नॉटचे (ताशी सुमारे ३३ किमी) २५ नॉट (सुमारे ४६ किमी) झाले की ओढ जवळपास दुप्पट. पंचाहत्तर किलोच्या माणसाला १८ नॉटला साधारण १२ चौरस मीटरचा काइट लागतो, २५ नॉटला ८-९ चा पुरतो. सकाळी फुगवलेला मोठा काइट घेऊन दुपारी पाण्यात उतरणे म्हणूनच धोक्याचे.

त्याहून अवघड लाटा. नवशिक्याचा काइट पाण्यात पडणारच. तो पुन्हा उठवायचा तर एका बाजूची मागची दोरी हळूहळू ओढून धरायची, काइट वाऱ्याच्या कडेला सरकू द्यायचा आणि तिथून वर चढू द्यायचा. सपाट पाण्यात या कामाला मिनिटभर लागले तरी बिघडत नाही. अटलांटिकवर मात्र दहा-बारा सेकंदांनी पुढची लाट येते. ती काइटवर फुटली की कापड फाटते, हवेची नळी फुटते किंवा काइट उलटून दोऱ्यांचा गुंता होतो. लाटेने तुम्हालाच काइटच्या दिशेने ढकलले, तर दोऱ्या सैल पडून हवेतला काइटही खाली येतो. सैल दोरी पायाला गुंडाळली गेली आणि काइटने पुन्हा वारा धरला, तर जखम खोल होते. अशा वेळी बोर्ड कुठे गेला ते शोधत बसू नये. आधी काइट, मग दोऱ्या, बोर्ड सर्वांत शेवटी.

घाबरलेला माणूस बार, म्हणजे काइट हाकायचा हातातला दांडा, घट्ट धरून स्वतःकडे ओढतो, आणि नेमकी त्यानेच ताकद वाढते. संक्रांतीच्या पतंगासारखी इथेही ढील द्यावी लागते, म्हणजे बार सोडायचा. तेवढ्याने भागले नाही तर हार्नेससमोरचे (कमरेच्या पट्ट्यासमोरचे) क्विक रिलीज, म्हणजे काइट झटकन सोडवायची कळ, दाबून पुढे ढकलायचे. काइट एका दोरीवर लोंबकळून निष्प्राण होतो. तरीही ओढ थांबली नाही, तरच सेफ्टी लीश (काइटला तुमच्याशी जोडणारी शेवटची दोरी) सोडायची, कारण त्यानंतर काइट हातचा जातो. हा क्रम न बघता, एका हाताने जमेपर्यंत लाटांत जाऊ नये.

शिकायला तमिळनाडूत तुतिकोरीन-रामेश्वरमचा पट्टा आहे, श्रीलंकेत कल्पिटियाची खाजण आहे. दोन्हीकडे सपाट पाणी मिळते आणि मे ते सप्टेंबर चांगला वारा असतो. मूलभूत शिक्षणाला ९ ते १२ तास, म्हणजे तीन-चार दिवस धरा. कामशेतला पॅराग्लायडिंग केलेल्यांना वारा वाचायची सवय असते, त्यांना काइट लवकर कळतो. पाण्यातले धडे मात्र त्यांनीही टाळू नयेत. बोर्डाशिवाय, नुसत्या काइटच्या ओढीवर पाण्यातून तिरके वाऱ्याच्या वरच्या बाजूला (वारा येतो त्या दिशेला) सरकणे जमले पाहिजे. सुटलेला बोर्ड तसाच परत मिळतो.

एवढे पक्के झाल्यावर गिंशूला जरूर जा. तिथे वारा किनाऱ्याला समांतर किंवा किंचित किनाऱ्याकडे येणारा असेल तरच उतरा. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा तुम्हाला खोल समुद्रात नेईल. दोऱ्या २० ते २४ मीटरच्या असतात, त्यामुळे काइट उडवताना वाऱ्याच्या खालच्या बाजूला (वारा जातो त्या दिशेला) किमान ५०-६० मीटर मोकळी वाळू हवी. भरतीला ती अरुंद होते, म्हणून वेळापत्रक आधी पाहा. नोर्ताडा किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर ढकलतो आणि खालचे थंड पाणी वर येते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ४/३ मिलिमीटरचा (धडाला ४, हातापायांना ३ मिमी जाड) वेटसूट, म्हणजे थंडीपासून वाचवणारा रबरी पोशाख, लागतो. हेल्मेट आणि दोरी कापायची आकड्याची सुरी सोबत असावी.

प्रवास विम्याच्या कागदांत ‘साहसी खेळ’ वगळलेले आहेत का, हे पुण्यातून निघण्यापूर्वीच वाचून घ्या. वगळले असतील तर वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि ते अपघातानंतर मिळत नाही.

– काही काइटसर्फर वाचक, कोथरूड, पुणे