वातावरणाच्या वरचा सूर्य

प्रिय सुन्या,

परवा फोनवर विचारलंस ना, की रॉकेट-सॅटेलाइट काहीच नव्हतं तेव्हा हवेच्या वर ऊन नेमकं किती आहे हे लोकांनी जमिनीवर बसून कसं काढलं, ते बोलता बोलता राहूनच गेलं, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

हवेचा थर आपल्याला काही हटवता येत नाही, पण सूर्य स्वतःच तो जाड-पातळ करून देतो. डोक्यावर असला की किरण एक थर पार करून येतात, क्षितिजापासून ३० अंशांवर असला की दोन. मग सकाळभर एकाच रंगाची रीडिंग घेत राहायची, दर थराला ऊन ठरावीक पटीने कमी होतं म्हणून त्यांचा लॉग (लॉगॅरिदम) थरांच्या आकड्यासमोर ग्राफवर मांडायचा, हवा स्थिर असेल तर बिंदू सरळ रेषेत येतात आणि ती रेषा मागे शून्य थरापर्यंत नेली की वातावरणाबाहेरचं उत्तर हातात! मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

पण एकाच रंगाची, हे महत्त्वाचं बरं का. समज वर दोन रंग आहेत, दोन्ही १००. एक थर पहिल्याचे ९० टक्के सोडतो, दुसऱ्याचे ५०. एका थराखाली एकूण १४०, दोन थरांखाली ८१ आणि २५ म्हणजे १०६. आता नुसत्या बेरजेवरून त्याच पटीने मागे गेलास (१४० गुणिले १४०/१०६) तर १८५ येतात, खरे तर २०० आहेत, कारण जो रंग पटकन अडतो तो वरच गळून जातो. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सॅम्युअल लँग्लीने हे नेमकं पकडलं आणि त्यासाठी बोलोमीटर हे उष्णता मोजणारं उपकरण बनवलं. त्यात प्लॅटिनमची अगदी बारीक पट्टी, जरा तापली की तिचा रोध बदलतो, त्यावरून स्पेक्ट्रममधल्या (रंगांत विभागलेल्या उन्हातल्या) एकेका जागेची उष्णता मोजायची. १८८१ मध्ये हे सगळं सामान घेऊन तो कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीवर चढला! त्याचा आकडा, चौरस सेंटिमीटरला मिनिटाला ३ कॅलरी, आजच्या दीडपट निघाला, पुढे त्याचाच सहायक चार्ल्स अ‍ॅबटने तो १.९५ च्या आसपास आणला. पण पद्धतीला नाव लँग्लीचंच राहिलं आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

हवाईत मौना लोआ ज्वालामुखीवर, ३,४०० मीटर उंचीवर, सनफोटोमीटर (उन्हाची तीव्रता मोजणारी उपकरणं) याच पद्धतीने कॅलिब्रेट करत आले आहेत, तेही सकाळी, कारण दुपारी खालची दमट हवा वर चढते आणि रेषा वाकडी होते.

एका ठिकाणी मात्र हे चालत नाही. साधारण २९० नॅनोमीटरच्या खालचं अल्ट्राव्हायोलेट ओझोन जवळजवळ सगळं गिळतो, खाली रीडिंगच नाही तर रेषा कशाची ओढणार? त्यासाठी १९४६ मध्ये व्ही-टू या जर्मन रॉकेटमधून स्पेक्ट्रोग्राफ (स्पेक्ट्रमची नोंद करणारं उपकरण) वर पाठवावा लागला, त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहितो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अव्या