अंबाळ्याच्या रस्त्यावरचे शिंगाडे कुठं गेले?

संपादक साहेब, नमस्कार.

रामटेकच्या त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला आम्ही दरवर्षी जातो, बाबा सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे तेव्हापासून, आणि खरं सांगायचं तर गडावर रामाचं दर्शन होतेच पण माझा जीव असतो खाली अंबाळा तलावाच्या बाजारात. तलावाभोवतीची जुनी देवळं, दगडी घाट, अन त्या रस्त्याच्या कडेला पोती टाकून बसलेल्या बाया, पुढ्यात उकडलेल्या काळ्याभोर शिंगाड्याचे ढीग, वरून ओला बारदाना. बारदाना उचलला की वाफ निघते. शिंगाडा दोन शिंगांच्या मधात दातानं फोडायचा, आतला पांढरा गर खायचा, घरी येईपर्यंत बोटं काळी झालेली असतात, आई ओरडायची.

यंदा गाडी दूर पार्किंगला लावली (20 रुपये घेतले, पावती मागितली तर म्हणे नंतर देतो, तो नंतर काही आला नाही) अन चालत आलो तर काय, मोबाईल कव्हर, टॅटू, प्लास्टिकचे भोंगे, चायनीजच्या गाड्या, एवढे स्पीकर की बाजूच्याचं बोलणं ऐकू येईना. शिंगाडा एक नाही. मिसेस म्हणाली, "झाला बाप्पा तुमचा शिंगाडा, चला आता."

शेवटी परत निघालो तेव्हा बसस्टँडकडच्या वळणावर, नालीच्या काठाला, चार बाया बसलेल्या दिसल्या. म्हटलं मावशी, इथं कायले बसल्या? तर म्हणाली, "तिकडं जागेचे पैसे मागते ना भाऊ, तेवढा तं आमचा दिवसभराचा गल्ला नाही होत. रिकामं दिसलं तं बसलो." मी दोन किलो घेतले, तिनं वरून मूठभर टाकले. बाजूनं बस गेली की सगळा धुरळा ढिगावर, बारदाना ओढून ओढून बिचारी हैराण.

हा माल कसा येतो हे जागा वाटणाऱ्यानं एकदा पाहावं. आमच्या पूर्व विदर्भातल्या मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांत ढिवर (मासेमार) लोक पावसाळ्यात वेल लावतात, दसरा-दिवाळीपासून फळ तोडणं सुरू होतं, थंडीत सकाळी सकाळी पाण्यात उतरायचं, काटे बोटात घुसतात, मग रात्री उकडायचा अन पहाटे टोपलं घेऊन बाजार गाठायचा. उकडलेला माल दुसऱ्या तिसऱ्या दिवशी आंबतो. मोबाईल कव्हर काही आंबत नाही, ते पुढच्या यात्रेतही विकता येते.

बाहेरचे लोक इथं इतिहास पाहायला येतात, चांगलंच आहे, बाजूला नगरधनला वाकाटकांची राजधानी होती, गडावर जुनी देवळं आहेत, वराहाची मूर्ती आहे, त्याच्या पोटाखालून निघतो तो पुण्यवान म्हणतात (मी यंदा अडकलो, ते जाऊ द्या). पण रामटेकला आले अन अंबाळ्याच्या काठावर तळ्याचा शिंगाडाच खाल्ला नाही तर त्यांनी पाहिलं काय? चायनीज तर त्यांच्या गल्लीतही भेटते.

आमचं म्हणणं एवढंच आहे की यात्रेच्या दिवसांत घाटाच्या बाजूची एक पट्टी, फार नाही, पंधरा-वीस टोपले बसतील एवढी, चुन्याची फक्की मारून या बायांसाठी वेगळी ठेवा, अन पावती घ्यायचीच असेल तर दहा रुपयांची घ्या. पाण्याचा एक नळ जवळ असला तर बारदाना ओला ठेवता येईल. स्पीकरवाले थोडे मागं सरकले तर त्यांचं काही बिघडत नाही, त्यांचा आवाज तसाही मनसरपर्यंत जाते.

- एक वाचक, ता. मौदा, जि. नागपूर